झाडांची यादी

गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. त्याने आमच्या सावर्ड्याजवळ सड्याच्या उतारावर दहा गुंठे जागा घेऊन छोटंसं घर बांधलंय. निवृत्त झाल्यावर इकडेच येऊन राहायचं म्हणतो. घर झालं, रंग झाला, आता बाग राहिली. "मावशी, तू इतकी वर्षं बाग करतेस, तर मला शोभेच्या झाडांची एक यादी दे ना. नर्सरीवाल्याने एक दिलीय, ती पाठवतो. तीही बघून ठेव."

यादी आली. तीन गुंठे लॉन. कडेने बारा फॉक्सटेल पाम. दारात गुलाबाचे दोन ताटवे. कुंपणाला दाट हिरवा कोनोकार्पस. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, एक बोअरवेल.

मी फोन केला आणि विचारलं, घराचं तोंड कुठे आहे? दुपारी तीननंतर ऊन कुठल्या बाजूला पडतं? पावसाचं पाणी कुठून येतं नि कुठे जातं? पहार मारली की किती खाली कातळ लागतो? आणि खालच्या वाडीच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असतं?

तो हसायलाच लागला. "अगं मावशी, मी झाडांची यादी मागतोय आणि तू जागेची पत्रिका मांडून बसलीस!"

तर मंडळी, आजचं लिखाण या पत्रिकेबद्दलच आहे. माझं मत अगदी साधं आहे. शोभेचं झाड निवडताना आपण नर्सरीत जाऊन डोळ्यांना काय आवडतं ते बघतो आणि घरी आणून जागेच्या गळ्यात बांधतो. खरं म्हणजे आधी जागा बघावी आणि मग झाड. हे शहाणपण मला उपजत नव्हतं हेही सांगून टाकते. चांगली चार-पाच वर्षं झाडं मारून ते आलेलं आहे.

माझं माहेर मिरजेकडचं. काळी माती, वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. आईच्या दारात गुलाब, शेवंती, निशिगंध असं सगळं असायचं. १९७४ साली लग्न होऊन मी इकडे आले. पहिल्या माहेरपणाहून परतताना ओल्या गोणपाटात गुलाबाच्या काड्या आणि शेवंतीचे फुटवे बांधून घेतले आणि एसटीने कराडवरून कुंभार्ली घाट उतरून ते इथवर आणले. उन्हाळ्यात काड्यांना फूट आली, मला कोण आनंद! मग मृग लागला. आषाढ संपेपर्यंत गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके, मग पानं पिवळी, मग नुसत्या काट्यांच्या काड्या. शेवंती तर मुळातच कुजली. पुढच्या वर्षी पुन्हा आणली, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी मी शेणखत वाढवलं, राख घातली, वरून झाप बांधून आडोसा केला. सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, ही जागा तुझं ऐकायची नाही. तूच तिचं ऐक."

तेव्हा मला ते लागलं होतं. शिक्षिका होते ना, ऐकून घ्यायची सवय कमी!

पण त्यांचं खरं होतं. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळाकडून थेंब नाही. खाली जांभा. या दगडाला इंग्रजीत जे 'लॅटेराइट' नाव आहे ते फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली दिलं. त्याने तो मलबारात पाहिला होता, आणि नाव दिलं ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, कारण लोक तो विटेसारखा कापून घरं बांधत होते. आपणही तेच करतो. हा दगड सच्छिद्र. पाणी त्यातून झिरपून निघून जातं आणि जाताना मातीतलं चुन्यासारखं सत्त्व धुऊन नेतं. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून माती तांबडी, आणि म्हणूनच आंबट. मी एकदा अंगणातली माती तपासून घेतली तेव्हा कागदावर सामू ५.६ आला होता. म्हणजे या बागेतल्या झाडाला चार महिने अखंड भिजणं, आठ महिने तहान, आंबट माती आणि वीत-दोन वितींवर कातळ, इतकं सगळं सोसायचं असतं. मिरजेच्या शेवंतीने का सोसावं?

उलट उदाहरण अनंताचं. आईने फार हौसेने अनंत लावला होता. त्याची पानं कायम पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खत घाला, पाणी घाला, फरक नाही. इथे सासूबाईंचा अनंत मात्र कुणी ढुंकून न बघता पावसाच्या तोंडावर पांढराशुभ्र व्हायचा. कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. काळ्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण अनंताच्या मुळांना ते घेता येत नाही. आंबट मातीत घेता येतं. एवढंच. म्हणजे आईचं काही चुकत नव्हतं आणि सासूबाईंच्या हाताला काही वेगळा गुण नव्हता. झाड आणि जागा जुळली होती किंवा नव्हती. (इथे कुणाला सासुरवाशिणीची उपमा सुचली असेल तर ती तिथेच ठेवा. मला पन्नास वर्षं ऐकून तिचा कंटाळा आलाय.)

आता पत्रिकेतली घरं. 'बाग' हा एकच शब्द असला तरी एका घराभोवती चार-सहा वेगवेगळ्या जागा असतात, आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

पहिली जागा म्हणजे पुढचं अंगण, जिथे चार-पाच तास उघडं ऊन येतं. इथे जास्वंद आणि तगर. जास्वंद सावलीतही वाढते, पण नुसती पानांनी. कळी धरायला तिला ऊन लागतं. जास्वंदीला फुलं येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या दहा घरांपैकी निम्म्या घरांत ती भिंतीच्या आड उभी असते. सोनचाफाही उन्हातलाच, पण त्याच्या पायाशी पाणी तुंबलेलं त्याला मुळीच चालत नाही. तो उंचवट्यावर लावावा. लोक खोलगट आळं करून त्यात लावतात आणि श्रावणात तो मान टाकतो.

दुसरी जागा आंब्या-फणसाखालची. तिथे काही येत नाही म्हणून लोक ती फरशीने झाकतात. येतं की! अबोलीला झिरपतं ऊन आवडतं. तिची वाळलेली बोंडं पाण्यात टाकली की तडतड उडून बी फेकली जाते. माझ्या वर्गातल्या मुलांना हा खेळ फार आवडायचा, आणि शाळेच्या कुंपणाशी अबोली झाली ती त्यातूनच. भुईचाफाही इथलाच. उन्हाळ्यात पान नसताना थेट जमिनीतून त्याचं फूल वर येतं, पावसात पानं येतात, थंडीत सगळं गडप. रंगीत पानांचा कॅलेडियमही तसाच, पावसाळाभर मिरवतो आणि मग कंद झोपी जातो. आपल्या ऋतूंशी याहून चांगलं कोण जुळवून घेणार? क्रोटन मात्र इथे लावू नये. त्याच्या पानांतले लाल-पिवळे रंग उन्हाने येतात. सावलीत तो बिचारा हिरवा पडतो.

तिसरी जागा गडग्याच्या कडेची, जिथे माती कमी आणि दगड जास्त. तिथे कोरांटी. पावसाळा ओसरला की फुलते, मागत काही नाही. तिथेच प्राजक्तही बरा वाटतो, तो मुळात खडकाळ उतारावरचाच. घर हायवेच्या बाजूला असेल तर कण्हेर आणि बोगनवेल. रस्त्याच्या दुभाजकात हीच दोन का लावतात ते लक्षात घ्या. धूळ, धूर, उन्हाचा ताव, पाण्याची बोंब, सगळं चालतं, आणि कण्हेरीला गुरं तोंड लावत नाहीत. विषारी आहे ती. घरात तान्ही मुलं असतील तर हाताशी लावू नये, एवढं पथ्य.

चौथी जागा, न्हाणीमागची. तिच्याबद्दल मला जरा कबुली द्यायची आहे.

आमच्या न्हाणीचं पाणी मागच्या बाजूला जायचं आणि तिथे सोनटक्क्याचं बन होतं. श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी मागचं दार उघडलं की वास आत यायचा. १९९६ साली आम्ही घराची दुरुस्ती काढली. न्हाणीमागची ती ओल, तो चिखल मला अगदी गावंढळ वाटायला लागला होता. मीच पुढाकार घेऊन तिथे सिमेंटचा कोबा करून घेतला आणि पाण्याला बंद नळी घातली. गवंड्याने विचारलं, "बाई, ही झाडं काढू ना?" मी म्हटलं, काढ. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांनी त्या पावसाळ्यात एकदा विचारलं, "यंदा सोनटक्का फुलला नाही का गो?" मी म्हटलं, "उशीर झालाय यंदा." आयुष्यात मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि हे असं उत्तर दिलं.

पुढे काय झालं? नळी सारखी तुंबायची. पाणी कोब्यावर पसरायचं आणि त्यात डास. सोनटक्का तिथे शोभेसाठी नव्हताच, म्हणजे नुसता शोभेसाठी नव्हता. तो ते पाणी पीत होता. रोज दोन-चार बादल्या सांडपाणी येणाऱ्या जागेला तहानलेलं झाड दिलं की चिखलही जातो आणि फूलही मिळतं, हे त्या बाईने कुठलंही पुस्तक न वाचता जमवलं होतं. शेवटी दहा वर्षांनी कोबा फोडला, शेजारणीकडून चार गड्डे मागून आणले. आता पुन्हा बन झालंय. विचारणारं माणूस तेवढं नाही.

असो. तर लॉनकडे येते.

मी गणिताची शिक्षिका नव्हे, मराठीची. पण हा हिशोब पाचवीचा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडवते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे भाच्याच्या तीन गुंठे लॉनला रोज दीड हजार लिटर पाणी लागणार. सरकारच्या जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत. दीड हजाराला पंचावन्नाने भागा, सत्तावीस येतात. सत्तावीस माणसांचं पाणी, आणि ते कुणासाठी? महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या घराला हिरवं दिसावं म्हणून. आपल्या चिपळूण तालुक्यात धो धो पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांना टँकर लागतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कातळाखालचं पाणी कुणाच्या सातबाऱ्याच्या रेषेवर थांबत नाही. वरच्या घराने बोअर मारली तर खालच्या विहिरीची काळजी वाटणारच. म्हणून मला वाटतं, कोकणात बागेची निवड ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट राहिलेली नाही. ती शेजारधर्माची झाली आहे.

यावर एक उत्तर हमखास येतं, "मग फक्त देशी झाडं लावा." तेही मला तितकंसं पटत नाही. गुलबक्षी अमेरिका खंडातली. झेंडू मेक्सिकोचा, आणि त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. सदाफुली मादागास्करची. देवळासमोरचा खुरचाफासुद्धा अमेरिका खंडातून आलेला. बोगनवेल ब्राझीलची आणि नाव फ्रेंच दर्यावर्द्याचं. या सगळ्यांना आता परकं कोण म्हणेल? इथल्या उन्हापावसात आपल्या बळावर राहिली आणि आपल्या जागेत राहिली, की झाली ती आपली.

'आपल्या जागेत राहिली' हे महत्त्वाचं. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेचं झुडूप म्हणूनच आणली होती. आज देशभरची रानं तिने व्यापलीत. जलपर्णीही निळ्या-जांभळ्या फुलांच्या मोहाने आली. आणि आपल्याच सोनटक्क्याची गंमत ऐका. क्युबात तो राष्ट्रीय फूल आहे, आणि हवाई बेटांत आणि ब्राझीलमध्ये तो ओढ्याकाठी इतका माजलाय की उपटून काढावा लागतो. म्हणजे झाड वाईट किंवा चांगलं नसतं, जागा बदलली की त्याची वागणूक बदलते. भाच्याच्या यादीतला कोनोकार्पस तर ताजंच उदाहरण. भराभर वाढतो, दाट होतो म्हणून जिकडेतिकडे लावला गेला, आणि २०२३ साली गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. म्हणून माझ्या दोनच चाचण्या आहेत. पहिली दोन-तीन वर्षं सांभाळल्यावर हे झाड मे महिना माझ्या बादलीशिवाय काढेल का? आणि हे कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या जागेत जाणार नाही ना? दोन्ही उत्तरं बरोबर आली तर ते कुठल्या देशाचं आहे ते मी विचारत नाही.

कुणी म्हणेल, बाई, हौसेला मोल नसतं. मान्य. माझ्याकडेही पडवीत एका कुंडीत गुलाब आहे. पावसात आत घेते, पानं पुसते, वर्षाला पाच-सात फुलं देतो. आईची आठवण म्हणून ठेवलाय. एखादं लाडकं झाड प्रत्येकाने ठेवावं. पण ते लाडकं आहे हे माहीत असावं, आणि एखादंच असावं. सगळी बाग लाडोबांची केली की माळी दमतो आणि विहीर आटते.

आणखी एक. यादीतली सगळी झाडं 'एका वर्षात तयार' होणारी होती. आमच्या आवाराच्या टोकाला सुरंगी आहे. सासूबाईंनी लावलेली. सुरंगी आपल्या पश्चिम घाटातली, वाढायला अतिशय संथ. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांना अगदी चिकटून कळ्या येतात आणि पहाटे, उमलायच्या आत त्या काढाव्या लागतात. तिकडे वेंगुर्ल्याजवळ आसोलीला तर त्या गजऱ्यांवर घरं चालतात. आमची सुरंगी पहिल्यांदा फुलली तेव्हा सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांना ठाऊक होतं की आपल्याला ही फुलं दिसायची नाहीत. तरी पाणी घालायच्या. आता तिच्याखालचं एक रोप मी भाच्यासाठी पिशवीत काढून ठेवलंय. माझ्याही बाबतीत तेच होणार आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तर भाच्याला मी शेवटी यादी दिलीच नाही. म्हटलं, या पावसाळ्यात काही लावू नकोस. दर पंधरा दिवसांनी ये, छत्री घेऊन आवारात फीर आणि वहीत नकाशा काढ. पाणी कुठे तुंबतं, कुठून धावतं, कातळ कुठे उघडा पडतो. ऑक्टोबरात ऊन कुठे किती वेळ पडतं ते लिही. मग पुढच्या मृगाला लावू. तो म्हणाला, "म्हणजे गणपतीला पाहुणे येणार तेव्हा अंगण ओकंबोकं?" म्हटलं, ओकंबोकं कशाने? सड्यावर तेरडा आपणहून येईल. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण आपल्याकडे गौर त्याचीच आणतात. ज्या तीन दिवसांत पाहुणे येतात, त्याच तीन दिवसांत तो असतो!

"बघतो," म्हणाला.

परवा त्याने फोटो पाठवला. न्हाणीघराच्या मागे, पश्चिमेच्या कोपऱ्यात गुडघाभर नाही पण घोटाभर पाणी साचलेलं. खाली लिहिलं होतं, "मावशी, इथे सोनटक्का?" मी 'हो' कळवलं आणि चार गड्डे राखून ठेवले.

बोअरवेलचं विचारलं, तर अजून काही ठरलेलं नाही म्हणतो. गाडी ऑक्टोबरात येणार आहे. तोवर मी विचारत राहणार.